ढेपेच्या पोत्यातला किराणा

"म्हैस इकून सालं झाले, पण या घरी ढेप येनं काई बंद झालं नाई."

हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं, मोठीआई. ओट्यावर बायका बसल्या होत्या, तुझ्यासाठी रडून झालेल्या, डोळे अजून ओले. त्यांच्यातली एक हळूच हे म्हणाली, दुसरीने पदर तोंडाला लावला, आणि मग त्या सगळ्या जणी दुखवट्याच्या घरात आवाज न करता हसल्या. खांदे हलत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पुन्हा रडायला लागल्या.

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. आधी राग आला. मग हसू आलं. मग हे तुला जाऊन सांगावं असं इतकं वाटलं, की मी खरोखर वळले आणि मागच्या खोलीकडे निघाले. तिथे तुझी खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. आपल्यालाच वाटत होतं की कोणाला माहीत नाही.

किती मेहनत घ्यायचीस ते लपवण्यासाठी! घर मोठं, खाणारी तोंडं पुष्कळ. गहू-ज्वारी आपल्या शेतातली, बाकी महिन्याचा सगळा किराणा वाशीमच्या मार्टमधून एकदम यायचा. सचिनदादा गाडी काढायचा, तू पुढे बसायचीस, मी मागे. गावात, जऊळक्याला परत येताना गाडी घराकडे वळायचीच नाही, आधी शेतात जायची. तिथल्या गुरांच्या कोठ्यात तू पाय पसरून बसायचीस आणि मार्टच्या रंगीत पिशव्यांतून साखर, तेलाचे पाऊच, रवा, पोहे, हरभऱ्याची डाळ एकेक काढून म्हशीच्या खुराकाच्या, सरकीच्या ढेपेच्या रिकाम्या पोत्यांमध्ये भरायचीस. मधे गवत कोंबायचीस, म्हणजे पोतं बाहेरून सारखं दिसावं. तोंड सुतळीने शिवायचीस. "आता कशी ढेप दिसते!" असं म्हणून पोत्यावर थाप मारायचीस. मग ती पोती आपल्या गल्लीत यायची, कारण गल्लीच्या तोंडाशी इंदूमावशीचं किराणा दुकान होतं आणि तिच्यासमोरून गेल्याशिवाय आपल्या घरी पोचता येत नाही.

"ढेप आनली काय, वयनी?"

"आनली ना माय. म्हशीले सरतच नाई."

रवा शिजवला की त्याला सरकीचा वास यायचा. मला वाटायचं, रव्याचा वासच तो. अकोल्याला हॉस्टेलवर पहिल्यांदा उपमा खाल्ला तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं वाटून मी अर्धा टाकला होता. हे तुला सांगायचं राहिलं. तू खूप हसली असतीस.

मग मोठेबाबांचे गुडघे धरले आणि म्हैस विकली. पोती मात्र येत राहिली. आपल्या कोणाच्या डोक्यात आलंच नाही की आता ही पोती कशाची म्हणून सांगायची. इतकी सवय झाली होती. इंदूमावशी विचारत राहिली, "ढेप आनली काय?" आणि तू सांगत राहिलीस, "आनली ना माय." मी गाडीत मागे बसून तुमच्या दोघींचे चेहरे बघायचे. ती हसायची नाही. तूही नाही. तू फक्त तिच्याकडे न बघता पदर सारखा करायचीस.

मार्टमध्ये तू वेगळीच असायचीस. दारातून आत शिरलं की "बापा, किती थंडी करून ठेवली, माणसं नासतात काय इथं?" म्हणायचीस. डाळीचं पाकीट दाबून, उलटं करून, कानाशी हलवून बघायचीस. बिल करणाऱ्या मुलीला म्हणायचीस, "एवढं नेलं, एखादा साबन तं वरून टाक." ती गोंधळून माझ्याकडे बघायची आणि मी खाली. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचणं माझ्याकडे होतं. कधीपर्यंत चालेल, आत काय काय आहे. मी वाचून सांगायचे आणि तू शेजारी उभ्या असलेल्या कोणाही अनोळखी बाईला ऐकवायचीस, "पाह्य, इच्या शाळेची फी इथंच वसूल होते."

मी कमी बोलते, याचं घरात सगळ्यांना काहीतरी वाटायचं. तुला कधीच नाही. पाहुणे आले की म्हणायचे, "इंग्रजीत बोलून दाखव व." तू आतून ओरडायचीस, "काहून? ते काय पोपट हाय?" एकदा आईने तुझ्यापाशी तक्रार केली की पोरगी तोंडच उघडत नाही, उद्या सासरी कसं होईल. तू शेंगा फोडत होतीस. म्हणालीस, "बोलनाऱ्याइचं पीक लय हाय गावात. एखादी आयकनारी असू दे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली, मोठीआई. अजून काढते आहे.

पण तू मला सगळीकडे बरोबर न्यायचीस त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. मी कोणाला काही सांगणार नाही, याची तुला खात्री होती.

इंदूमावशीला दुकान टाकायला तूच लावलंस. बचत गटाची अध्यक्ष तू, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम तिच्याकडे. तिचा नवरा गेला तेव्हा तू भर बैठकीत म्हणालीस, "इंदे, दुकान टाक. पह्यलं गिऱ्हाईक मी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातला पैसा गावात राहिला पाहिजे, गटातल्या सगळ्या सारख्या, इथे लहानमोठं कोणी नाही, हे तू इतकं छान बोलायचीस की बोलताना तुझा आवाज भरून यायचा. ते खोटं नव्हतं. मी तुला खूप जवळून बघितलं आहे. तुला खोटं बोलताना आवाज भरून आणता येत नसे.

आणि तू पहिलं गिऱ्हाईक झालीसही. काडीपेटी, साबण, अगरबत्ती, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटं. मार्टची फेरी झाली की दुसऱ्या दिवशी हटकून जायचीस आणि ओटीभर काहीतरी घेऊन यायचीस. आपल्या घरात काड्यापेट्या इतक्या साठल्या होत्या की बाबा म्हणायचे, वहिनीला गाव पेटवायचंय का. माझ्या दप्तरात तर तुझ्या मनाला लागलेली टोचणी बिस्किटांच्या पुड्यांमधून रोज येऊन बसायची. मैत्रिणींना वाटायचं, किती लाड आहेत हिचे.

फार उशिरा माझ्या लक्षात आलं की तू तिथून जे जे आणायचीस ते सगळं बंद पुड्यातलं असायचं. डाळ नाही, साखर नाही, पीठ नाही. तिच्या हाताने मापून, कागदात बांधून दिलेलं काहीच नाही.

इंदूमावशी बौद्ध आहे. तिच्या दुकानात वरच्या फळीवर बुद्धाचं चित्र आहे, त्याला ती रोज फूल वाहते. आपलं घर गावात मोठं म्हणवणारं. आपल्याकडे कोणी उघड काही बोलत नाही, आता तसं कोणीच बोलत नाही. दादा तर जयंतीला न चुकता मोबाइलवर निळा स्टेटस ठेवतो. पण घरात एक नियम होता आणि तो मी दाराआडून ऐकलेला होता. "सीलबंद असन तं चालते," असा. पुड्याला काही होत नाही. सुटं मात्र नको.

आणि दुपारी तू त्याच दुकानात मागच्या बाजूला बसून तिच्या हातचा चहा प्यायचीस. बशीत ओतून, फुंकर घालून, मिटक्या मारत. मलाही द्यायचीस. परतताना गल्लीत शिरण्याआधी पदराने माझे ओठ पुसायचीस. "घरी नको सांगू बरं." मी नाही सांगितलं. तुम्ही दोघी तिथे बसून काय काय बोलायच्यात! गटातल्या बायकांच्या नकला, तुझ्या सासूच्या जुन्या गोष्टी, तिच्या नवऱ्याची आठवण. एकदा ती रडत होती आणि तू तिचं डोकं मांडीवर घेऊन विंचरत होतीस. माझ्या डोळ्यांपुढे तू येतेस ती बहुतेक वेळा तशीच. हातात कंगवा, मांडीवर तिचं डोकं. मग त्याच हातांनी तू पोतं शिवताना दिसतेस, आणि मला कळत नाही यातली कोणती तू धरून ठेवू.

म्हणून त्या दिवशी कोठ्यात मी बोलले. दिवाळीचा किराणा होता, पोती नेहमीपेक्षा जास्त. माझ्या डोक्यात शब्द आधी इंग्रजीत आला. शाळेत त्याचं स्पेलिंग घोकलं होतं, अर्थ लिहिला होता, वाक्यात उपयोग करून दाखवला होता. तुझ्यासाठी मराठी शब्द शोधायला थोडा वेळ लागला.

"मोठीआई, हे ढोंग आहे."

तू सुई थांबवली नाहीस. "बोल अजून. तोंड उघडलंच हाय तं बोल."

"तिचा चहा चालतो, पण घरी सांगायचा नाही. पुडा चालतो, सुटी डाळ नाही. आणि बैठकीत सगळ्या सारख्या."

"हाय ना ढोंग. मी कुठं नाई म्हनून राह्यली?"

मी तयारी केली होती ती तू नाही म्हणशील याची.

"मग कशाला करतेस?"

"तुले खरं बोलून मार्कं भेटतात, माय. मले या घरात राहा लागते."

"तू कोणाला भितेस? तलाठ्याला ऐकवतेस, मोठेबाबांना ऐकवतेस."

तेव्हा तू सुतळी दाताने तोडलीस आणि माझ्याकडे बघितलंस. "एक डाव तिच्या दुकानची सुटी तूरडाळ आनली होती मी," म्हणालीस. "तवा तू लहान होती. आनली, अन् चुलीवर..." इतक्यात दादा पाण्याची बाटली घेऊन आत आला. तू पोत्यावर थाप मारलीस. म्हणालीस, "सांगीन कधी."

नाही सांगितलंस. मी सुट्टीत येत गेले, प्रत्येक वेळी वाटायचं आता विचारू, आणि प्रत्येक वेळी तू इतकी आनंदात असायचीस की विचारवलं नाही. आता मी त्या अर्ध्या वाक्यापाशी येऊन बसते. चुलीवर काय झालं, मोठीआई? शिजवलीस आणि कोणी ताट सारलं? की शिजायच्या आधीच कोणी पातेलं उचललं? की तूच उतरवून ठेवलंस, कोणी काही म्हणायच्या आतच? मला तिसऱ्या शक्यतेची सगळ्यात भीती वाटते. पण तसं असतं तरी तू मला ते सांगितलं असतंस, हे मला माहीत आहे. मला ऐकायचं होतं ते बरोबर-चूक ठरवण्यासाठी नव्हतंच गं. तुझ्या आयुष्यातली ती एक दुपार मला हवी होती, तुझ्या तोंडून, शेंगा फोडता फोडता.

तू गेलीस त्या दिवशी आपल्याकडे चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून चहा आला, भाकऱ्या आल्या. इंदूमावशीनेही किटलीभर चहा आणला, आलं घातलेला. कोणीतरी म्हणालं, "ठेवा तिथं." तिने ओट्याच्या कडेला ठेवला. इतर किटल्या रिकाम्या झाल्या. तिची तशीच राहिली. संध्याकाळी ती स्वतःच येऊन घेऊन गेली आणि जाताना मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "आज कोनाले कायची चव राहीन, बेटा."

नंतर तेरवीची बोलणी निघाली. मोठेबाबा, बाबा आणि दादा बैठकीत होते, मी पाणी द्यायला गेले होते. दादा म्हणाला, "मार्टातून एकदम उचलू. गाडी शेताकून आनू, नेहमीसारखी."

मोठेबाबा तुझ्या जाण्यापासून फार कमी बोलतात. ते म्हणाले, "इंदूले काय सांगसान? तिच्या मनात असन, तेरवीचं सामान आपल्या दुकानातून जावं. वयनीचं शेवटचं."

त्यांनीही तुला वयनीच म्हटलं, इंदूमावशीच्या तोंडचं. त्यांनाही तुमच्या दोघींचं सगळं ठाऊक होतं तर.

"मग घ्यायचं का तिच्याकडून?" बाबांनी विचारलं.

"पावने येतीन चार गावचे. जेवनाचं काम हाय. कोनाच्या तोंडाले हात लावता येत नाई," मोठेबाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. त्यांचं तोंड इतकं लहान झालं होतं.

दादाने तोडगा काढला. "शिरपूरच्या मामाइनं आनलं म्हनून सांगू. माहेरचं सामान हाय म्हटलं की कोन काय बोलते?"

"सांगन कोन?"

आणि तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

"हिले पाठवा," दादा म्हणाला. "ही बोलत नाई, म्हनून हिचं खरं वाटते."

मोठीआई, तुझा भाऊ शिरपूरहून रिकाम्या हाताने येऊन, रडून, दुसऱ्या गाडीने परत गेला होता. त्याच्या नावावर, तुझ्या माहेराच्या नावावर, तुझ्याच मैत्रिणीला मी हे सांगायचं होतं. मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. माझं गप्प राहणं म्हणजे हो, असं आपल्या घरात पहिल्यापासून आहे.

दुपारी मी गेले. दुकानाचं एक दार तिने लावून घेतलं होतं, तू गेल्यापासून लावते म्हणे. आत अंधार आणि गुळाचा वास. ती तांदूळ निवडत होती. मला बघून सूप बाजूला सारलं.

"जेवली काय, बेटा?"

मी मान हलवली.

"तू हॉस्टेलात गेली की वयनीचा दिवस जात नव्हता. 'पोरगी आली की जीव लागते, बोलत नाई पन घर भरल्यासारखं वाटते,' म्हने." तिने डोळे पुसले. "मले तं तिनं बोलती केलं. मी गटात पह्यल्या दिवशी आली तं दाराशी बसली होती. हात धरून मंधात नेऊन बसवलं. असं कोन करते?"

मला तिथेच बसावंसं वाटत होतं. तुझ्याबद्दल बोलणारं कोणीतरी होतं, आणि ते बोलणं गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं नव्हतं. तू आत्ता मागच्या बाजूने चहा घेऊन येशील, अशा थाटात ती बोलत होती. मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी मला ज्यासाठी पाठवलं होतं ते आठवलं.

"मावशी, तेरवीचं सामान..." मी सुरुवात केली आणि पुढचं तोंडातून निघेना.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मला वाटतं मी पायरी चढले तेव्हाच कळलं होतं. आणि मग तिने ते केलं जे ती इतकी वर्षं तुझ्यासाठी करत आली होती. माझी अडचण होऊ नये म्हणून उत्तर तिनेच दिलं.

"मामा आनतीन ना शिरपूरवाले? आनू दे. मोठं काम हाय, चार गावचे लोकं. माह्याजवळ एवढं सामान कुठं राह्यते, बेटा? लहान दुकान हाय माह्यं."

दादाने शोधलेली सबब तिला न सांगताच सुचली होती, आणि तिने ती इतक्या मायेने म्हटली. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवण्यात माझ्याइतकं तयार कोणी नाही. मी हलवली असती तर ती पुन्हा सूप ओढून तांदूळ निवडत बसली असती, घरी सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि तुमची मैत्री जशी होती तशीच राहिली असती. तू असतीस तर पदर सारखा केला असतास, "हो ना माय" म्हणाली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ओटीभर साबण नेले असतेस. मला तुझी इतकी आठवण आली तेव्हा. माझ्या जागी तू हवी होतीस. तुझ्या मागे उभं राहून मला ऐकायचं होतं, नेहमीसारखं.

मी तुझी बाजू घेत होते की तुझ्याविरुद्ध बोलत होते, ते मला आताही सांगता येणार नाही. तुझं ते अर्धं वाक्य मला पुरं करता येत नव्हतं. पण तिने स्वतःच्या दुकानाला लहान म्हणावं आणि मी ते तसंच घेऊन घरी जावं, हे माझ्याने होईना. आवाज आला तो मलाच ओळखू आला नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तुमचं दुकान लहान आहे म्हणून नाही."